वळणावरचा शंकासुर

सन्माननीय अध्यक्ष, म्हणजे आमचे मोठे साहेब. त्यांच्या उजव्या-डाव्या हाताला बसलेले मान्यवर. खाणीवरचे आजी-माजी कामगार, माझ्या शेजारणी, आणि मागच्या दाराशी चहाकडे डोळे लावून उभे असलेले सगळेजण, आपणा सर्वांना माझा नमस्कार.

माळीकाकांच्या मिसेसनीही दोन शब्द बोलावेत, असा आग्रह झाला. आमचे हे घरात दिवसाकाठी तेवढेच बोलतात. बाकीचे सगळे शब्द माझ्याकडे शिल्लक पडलेत, तेव्हा जरा सांभाळून घ्या.

साहेबांनी आत्ता ह्यांचं मानपत्र वाचलं. जुन्या खाणीच्या काठाने लाल-पिवळ्या तुऱ्यांच्या झुडपांची ती लांबलचक रांग आहे ना, शंकासुराची? तिच्यामुळे ‘वसाहतीच्या सौंदर्यात मोलाची भर’ पडली, असं त्यात आलं. भाषा फार छान होती. पण साहेब, रागावू नका, ते कुंपण शोभेसाठी लावलेलंच नाही.

जुन्यांना ठाऊक आहे, नव्यांसाठी सांगते. ती खाण बंद पडली, तिच्यात पाणी साठलं, आणि आमची धाकटी तिथेच गेली. चेंडू आणायला उतरली होती. त्यानंतर ह्यांनी काठाला कठडा बांधून मागितला. तेव्हाचे साहेब वेगळे होते. वाईट नव्हते हो, सगळ्यांनाच ‘बघू’ म्हणायचे.

कठडा काही झाला नाही. मग ह्यांनी शंकासुराच्या शेंगा गोळा केल्या. त्या बियांचं कवच म्हणजे दगड. एकेक बी फरशीवर घासायची, रात्रभर गरम पाण्यात भिजवायची, तेव्हा कुठे ती रुजायचं मनावर घेते. माझ्या ओट्यावरचं एक पातेलं सुटलं नाही. मी म्हटलं, “अहो, भाजी कशात करू?” तर म्हणाले, “आज राहू दे भाजी.” राहू दिली. भूक तरी कुणाला होती?

आता, शंकासुर वर्षातून एकदा गुडघ्याएवढा छाटावा, म्हणजे फुलं भरभरून येतात. कुठलाही माळी हेच सांगेल. ह्यांनी कुंपणाला तसं कधी केलं नाही. एक झाड छाटायचं, शेजारचं ठेवायचं, म्हणजे कुठेच वाट पडत नाही. वरून विचारणा व्हायची, “काका, फुलं कमी का?” हे म्हणायचे, “फुलं नकोत, दाटी हवी. काटा लागला की पोरगं मागे फिरतं.” मला विचाराल तर मी त्या फुलांकडे कधी धड पाहिलेलंही नाही. मला राग येतो त्यांचा. माझी लेक गेली आणि ती फुलली, असंच वाटत राहतं.

आज मात्र पाहावी लागली, कारण व्यासपीठभर तीच आहेत. काकांची फुलं म्हणून हौसेने आणलीत, हे कळतं मला. सजावट शाळेच्या बाईंनी केली ना? हात सोलवटले असतील तुमचे. मनगटाएवढ्या जाड फांद्या आहेत ह्या.

अहो, कुठे निघालात? बसा ना, माझं संपलं नाही अजून.

बाई, एक विचारते. ह्या फांद्या तोडल्या कुठून? वळणावरून? पायवाट खाणीच्या पाण्याकडे उतरते, तिथून? सगळ्याच?

नाही, पाणी नको मला. साहेब, ते रुसून नाही गेले. मानपत्र खुर्चीवरच ठेवलंय बघा. ते त्या वळणावर उभे राहायला गेलेत. वसाहतीतली सगळी मोठी माणसं आत्ता ह्या सभागृहात आहेत. मुलं कुठे आहेत? ‘आत गोंगाट नको, पोरांना बाहेर खेळू द्या,’ असं मघाशी ह्याच माईकवरून सांगितलं ना?

तुम्ही ह्यांचा मान केलात, मी सगळ्यांची ऋणी आहे. बोलण्यात कमी-जास्त झालं असेल तर पोटात घाला. चहा राहू द्या आता. उठा, बाहेर जा, आपापल्या पोरांना हाका मारा. ओ येईपर्यंत मारत राहा.