गुरुजी अडले आणि सूनबाई सुटली

आमच्या सूनबाईचं कौतुक सांगते, ऐका की. ऑफिसातल्यांनी लिहिलेल्या प्रोग्रामचे भाग एकत्र जोडणारं सॉफ्टवेअर ती सांभाळायची. एखादा भाग नसला की ते 'काहीतरी कमी आहे' एवढंच म्हणून अडायचं आणि माणसं हिला फोन करायची. माझ्या सोळा सोमवारांच्या उद्यापनालाही तिला धड बसता येईना.

त्यात गुरुजीही अडले. "कायतरी कमी पडतंय, वहिनी."

"अहो, काय नाही, कशाला हवं, कुठं मिळेल, ते सांगा की!"

"जानवं न्हाय. महादेवाला घालायचंय. कोपऱ्यावर मिळंल."

सूनबाई उठलीच. "आई, माझ्या सॉफ्टवेअरचं उत्तर सापडलं!" आठवड्याभरात तिनं सॉफ्टवेअरलाही तसंच बोलायला लावलं. फोन थांबले.

सत्यनारायणाच्या आदल्या दिवशी मात्र एक फोन वाजला. गुरुजी होते. "वहिनी, केळीचे खुंट न्हाईत. चौरंगाला लागतील. मंडईत मिळतील. आणि सूनबाईंना सांगा, उद्या आरतीपर्यंत बसायचं!"