मोबाइल सगळं ऐकतो म्हणे

तुम्हाला सांगते, परवा गावच्या ग्रुपवर बातमी आली की आपण बोलतो ते सगळं मोबाइल ऐकतो आणि कंपनीला कळवतो. मी पडले भित्री. लेकराची अंगाईसुद्धा मनातल्या मनात म्हणायला लागले.

सासूबाईंनी विचारलं, "कावून मुकी झालीस गं?"

मी बातमी वाचून दाखवली. त्या दचकल्या. "चुलीपुढं बोललेलं बी ऐकतंय?"

"व्हय आत्या, समदं."

आदल्याच दिवशी सासूबाई चुलीपुढं शेजारणीला सांगत होत्या की सुनंला लेकरू सांभाळता येत न्हाई. ते कानावर पडल्यापासून मला जेवण गोड लागत नव्हतं.

जरा वेळानं पाहते तर सासूबाई मोबाइल तोंडापाशी धरून सांगत होत्या, "साहेब, कालचं तेवढं खोडून टाका. आमच्या सुनंवानी लेकरू कुणीच सांभाळीत न्हाई."