कादंबरीतली कोल्ही

— अहो नाही, बोलू नका! तोंडावरचा पॅक ओला आहे अजून. बोललात की इथे नाकाच्या बाजूला भेगा पडतात, आणि मग मावशी आल्यावर माझ्या नावाने शंख. काय असेल ते बोटाने सांगा. हो असेल तर एक बोट, नाही असेल तर दोन. तुम्ही विचारलंत ते कळलं मला — टीव्हीवर हे काय चाललंय, हेच ना? एक बोट. बघा, हुशार आहात. ही चायनीज सिरियल, ‘हजार घंटांचा डोंगर’. आवाज मीच बंद केलाय. आवाज असला की ती बासरी वाजते, आणि ती बासरी वाजली की मला दातांच्या डॉक्टरकडे बसल्यासारखं वाटतं.

तो पांढऱ्या कपड्यातला दिसतोय ना, कड्यावर उभा? तो सेनापती. वय दहा हजार वर्षं. दहा हजार! आणि अजून एका बाईला ‘तू मला आवडतेस’ म्हणता येत नाही त्याला. नुसता वारा खात उभा. लढाईतून येतो तर कपड्यांवर डाग नाही, मातीत लोळतो तर डाग नाही — अरे, आमचा इथला नॅपकिन एका गिऱ्हाइकात काळा होतो! आणि केस बघा, कमरेच्या खाली. मी पार्लरमध्ये राहणारी मुलगी, मला एकच प्रश्न पडतो, हे धुतं कोण? एवढ्या भागांत एकदा तरी बादली दाखवा की. आणि ही खाली बसलीये ती हिरॉईन. औषधं वाटते म्हणून आम्ही तिला औषधवालीच म्हणतो, खरी नावं कोण लक्षात ठेवतंय, सगळी सारखीच वाटतात. ही प्रत्येक भागात एकदा रक्त ओकते. पण कसं? ओठाच्या कोपऱ्यातून एकच थेंब, लिपस्टिकच्या शेडला मॅचिंग. हसू नका! हसलात ना? गेली ती डावी बाजू. थांबा, बोट फिरवते जरा त्यावर.

तर सिरियल परवडली, बघणारे नाही परवडत. मावशीचा एक ग्रुप आहे मोबाईलवर, ही सिरियल बघणाऱ्यांचा. त्यात खालच्या मजल्यावरची शिंपीणबाई आहे, एक रिटायर्ड हेडमास्तर आहेत, बँकेतली एक मॅडम आहे, समोरच्या दुकानातला चष्मेवाला आहे, आणि बाकी अंगठा दाखवणारी जनता. भाग संपला की सगळ्यांची मतं सुरू. शिंपीणबाईचं मत कायम कपड्यांवर — ‘आज बाही उलटी शिवली होती.’ अगं बाई, तिचा बाप मेला त्या सीनमध्ये! हेडमास्तर मुद्देसूद लिहितात, एक, दोन, तीन, आणि शेवटी ‘एकंदरीत संस्कारक्षम’. कुठून संस्कारक्षम? दर दोन भागांनी कोणीतरी कोणालातरी विष पाजतंय. पण डोक्याला खरा शॉट म्हणजे बँकेतली मॅडम. कोणी काही म्हणो, ही येणार आणि लिहिणार — ‘कादंबरीत असं नाहीये.’ बस. एवढंच. सेनापती रडला — कादंबरीत रडत नाही. सेनापती नाही रडला — कादंबरीत फार सुंदर रडतो. आणि सगळे गप्प! कारण ही सिरियल चायनीज कादंबरीवरून काढलीये आणि ती कादंबरी ग्रुपमध्ये कोणाच्या बापाने वाचलेली नाही. मॅडमने तरी कुठे? मी एकदा तिच्या भुवया करताना विचारलं, मॅडम, तुम्हाला चायनीज येतं? तर म्हणते, ‘भाव कळतो गं.’ भाव कळतो! मी दोरा असा ओढला ना, की टचकन पाणी आलं तिच्या डोळ्यात.

मग मला वाटलं, हिला एवढा मान मिळतो तर आपण काय पाप केलंय? दुसरं सिमकार्ड पडलेलं होतं, त्यावरून ग्रुपमध्ये शिरले. नाव ठेवलं ‘जुना वाचक’. आणि टाकलं एक प्रकरण, म्हणजे माझ्याच मनाचं, पण लिहिलं काय, की मूळ चायनीज पानं मशीनमधून भाषांतर करून देतोय, गोड मानून घ्या. आता यातली गंमत सांगते, कोणाला सांगू नका — चांगलं लिहिलं असतं ना, तर लगेच पकडली गेले असते. मशीनचं भाषांतर म्हटल्यावर ते येडपटच पाहिजे. म्हणून मी मुद्दाम घाण करायचे. ‘सेनापतीने तिच्या डोळ्यांत तलवार पाहून पोट थंड केले.’ ‘चंद्र आज फार नातेवाईक होता.’ काही अर्थ आहे? नाही! आणि हेडमास्तर त्यावर लिहितात, ‘मूळ भाषेतील खोली भाषांतरातही जाणवते.’ मेले मी हसून. ह्याच माणसाने, आमच्या गावच्या शाळेत असताना, माझ्या निबंधावर लाल पेनाने ‘अर्थहीन’ लिहिलं होतं, हो, हेच ते हेडमास्तर. आता रोज सकाळी ‘आदरणीय जुने वाचक’ म्हणून नमस्कार घालतात.

आणि मॅडम? मॅडमची तर पंचाईत. नाही म्हणावं तर कबूल करावं लागेल की वाचलेली नाही. मग लिहिते, ‘हो, हे प्रकरण आठवतंय.’ आठवतंय! मी आदल्या दिवशी वॅक्स गरम करताना रचलेलं!

— काय? बोट नाही कळलं. अच्छा, कशाबद्दल होतं? कोल्हीबद्दल. मी एक कोल्ही घातली त्यात. औषधवालीला म्हणे तिच्या बागेत सापडतं एक कोल्हीचं पिल्लू, लंगडं. ती पाळते त्याला. ते मोठं होतं आणि नुसता धुडगूस — औषधाच्या बाटल्या अदलाबदल कर, पाहुण्यांच्या टोप्या पळव. लोकांना काय आवडली ती! सिरियलमध्ये अशी कोल्हीबिल्ही काही नाही, तुम्हाला दिसणार नाही ती कुठे, शोधू नका. तर ग्रुपमध्ये बोंबाबोंब — ‘कोल्ही कापली!’ ‘कादंबरीशी गद्दारी!’ शिंपीणबाई म्हणते, बजेट नसेल त्यांचं. हेडमास्तरांनी तर चॅनेलला पत्र पाठवलं, कोल्हीवर अन्याय झाला म्हणून. माझ्या कोल्हीवर! एकटा तो चष्मेवाला तेवढा हलला नाही. त्याचं एकच म्हणणं — पुस्तक पुस्तकाच्या जागी, पडद्यावर दिसलं तेवढंच झालं. आणि प्रत्येक वेळी सुरुवात कशी करणार, ‘आदरपूर्वक असहमत.’ भांडतोयस तर भांड ना नीट! आदरपूर्वक काय?

तिथूनच झालं सगळं. मावशी कादंबरीच्या बाजूने, तो सिरियलच्या बाजूने. आधी ग्रुपमध्ये वाद, मग ग्रुपच्या बाहेर वाद, मग तिच्या चष्म्याचं नाकावरचं पॅड ढिलं झालं म्हणून ही त्याच्या दुकानात, मग परत ढिलं झालं म्हणून परत. एवढं ढिलं व्हायला नाक काय घसरगुंडी आहे? मग त्याने तिला नवी फ्रेम दिली, जांभळट, कडेला बारीक नक्षी. शोभत होती, उगाच खोटं कशाला बोलू. ती घालून मावशी आरशात बघायची आणि मला म्हणायची, ‘कानाला लागत नाही गं अजिबात.’ तिचं वय काय, चाळिशी उलटली. तो पण तेवढाच, एकटाच असतो दुकानाच्या वरच्या मजल्यावर. आणि मग परवा त्याने लग्नाचं विचारलंच तिला. सरळ. दहा हजार वर्षं नाही लावली, तेवढं मानलं त्याला.

आता तुम्ही म्हणाल चांगलं झालं. मला नाही वाटलं चांगलं. मी लिहिलं पुढचं प्रकरण. त्यात काय, सेनापती औषधवालीला म्हणतो चल माझ्या महालात, नवव्या स्वर्गात. ही निघते. पण स्वर्गाच्या दारावर पाटी — ‘शेपूटवाल्यांना प्रवेश नाही.’ सेनापतीला ठाऊक होतं आधीपासून, बोलला नाही. लबाड! आणि कोल्हीला म्हणे रानात परत पाठवायचं, तिच्या जुन्या बिळात. पण बिळात आता दुसरी कोल्ही येऊन बसलीये, तिचं पिल्लू आहे, आणि आपल्या कोल्हीची झोपायची जागा त्या पिल्लाला दिलेली. झालं! ग्रुपमध्ये रडारड. सगळे सेनापतीवर तुटून पडले. चष्मेवाला तेवढा लिहितो, ‘आदरपूर्वक असहमत, सेनापतीला कोणी विचारलं तरी का, की कोल्हीचं काय करणार आहेस?’ त्याला शिंपीणबाईने असा झापला, असा झापला.

मावशीने वाचलं आणि फोन खाली ठेवला.

— दाराकडे बोट कशाला? घरी कधी जाते म्हणून? नाही, मी इथेच राहते. मागची खोली दिसतेय ना पडद्यामागे, तिथे, मी आणि मावशी. आई नाही मला. बाबा आहेत की, दुसऱ्या गावात. त्यांनी परत लग्न केलं, तिचा मुलगा आहे छोटा, माझी खोली त्याला दिली. ठीक आहे ना, त्याला पण खोली लागणारच. असं काय बघताय? डोळे मोठे करू नका, कपाळावर चिरा पडतील. बाबांनी मला दहावीच्या निकालानंतर इथे आणून सोडलं, महिनाभरासाठी, आणि महिना काय अजून संपलेला नाही. गणित गेलं होतं. परत दिलं, परत गेलं. गणिताला माझ्यात काय दिसतं काय माहीत, सारखं सोडून जातं.

तर मुद्दा काय — मी जिंकले. मावशी आत्ता तुम्हाला पॅक लावून गेली ना? कुठे गेली? त्याच्याकडे. आज त्याचं दुकान बंद असतं, तिकडे बागेतल्या बाकावर भेटणार, उत्तर देणार. आणि तुम्ही बघितलंत का तिच्या डोळ्यांवर काय होतं? जुना चष्मा! दांडीला चिकटपट्टी लावलेला. जांभळी फ्रेम डबीत घालून पर्समध्ये टाकलेली मी पाहिली. म्हणजे काय, परत द्यायला चाललीये. म्हणजे नाही म्हणणार. एका कोल्हीने काम केलं बघा. चायनीज लोकांना सांगितलं पाहिजे, एवढ्या तलवारी कशाला फिरवता, एक कोल्ही घाला.

खरं तर हसायलाच पाहिजे मी. हसतेच आहे. पण एवढी मोठी बाई, पार्लर चालवते, लाइट गेली तर फ्यूज स्वतः बदलते, आणि सिरियल बघून लग्न मोडते? डोक्यातच गेलीये तिच्या ती कादंबरी. आता बघा ना, दारात चपला घालताना मला काय म्हणाली — तुम्ही पण ऐकलं असेल, कानाला काही लावलेलं नाहीये तुमच्या. मी वॅक्स ढवळत होते, मी नुसतं हं म्हटलं. म्हणाली, ‘त्या कोल्हीला म्हणावं, रात्रीचं नीट जेवत जा. आणि गणितात गेली म्हणून कोणी कोणाला रानात सोडत नसतं.’ बघा! कोल्हीला गणित! म्हणजे किती ते —

थांबा.

मी कोल्हीला गणित कधी घातलं?

नाही, मी नाही घातलं. बाटल्या घातल्या, टोप्या घातल्या, लंगडा पाय घातला. गणित नाही. चंद्र नातेवाईक होता, तेव्हापासून सगळं डोक्यात आहे माझ्या, कोल्ही शाळेत गेलीच नाही कधी —

अहो बोट काय वर करताय! एक बोट कशाला हो? मी विचारलं तरी का तुम्हाला? तुम्हाला कळलं होतं? कधीपासून? बिळापासून? मग बोलायचं ना! पॅक गेला खड्ड्यात, बोलायचं ना मला!

म्हणजे तिला माहीत आहे. जुना वाचक कोण ते माहीत आहे. रोज वाचायची आणि मला म्हणायची, ‘काय लिहितो गं हा माणूस,’ आणि मी म्हणायचे, ‘पकाऊ आहे,’ आणि ती म्हणायची, ‘नाही गं, मनातलं लिहितो.’ म्हणजे ती ‘नाही’ म्हणायला चाललीये ते कादंबरीमुळे नाहीच. ती माझ्या — शी! अगं पण मला विचार ना सरळ! आणि मी तरी कुठे विचारलं तिला, की तू तिकडे गेलीस तर माझं काय? त्याला तरी कुठे विचारलं? तो बिचारा म्हणतोय की आदरपूर्वक, सेनापतीला विचारा, विचारा —

फोन. मावशीचा फोन... इथेच चार्जिंगला. वा. फ्यूज बदलता येतो, फोन न्यायला नको.

उठा ताई. नाही, उठाच. नळ तिथे कोपऱ्यात, टॉवेल खुंटीला, जोरात घासू नका. अजून ओला आहे? असू दे ओला. आणि माझ्याकडे असं बघू नका, रडत नाहीये मी, त्या वॅक्सचा धूर आहे. बाग लांब नाही, धावले तर गाठीन, ती चप्पल घालून हळू चालते. काय सांगू म्हणता? मला काय माहीत! आधी पोचते, मग बघते. त्याला विचारते तोंडावर, वरच्या मजल्यावर खोल्या किती आहेत तुझ्या? तुमच्या. तुमच्या म्हणायचं ना आता. नाही म्हणाला तर नाही म्हणू दे, पण तिने नको म्हणायला.

पुढचं गिऱ्हाईक आलं तर सांगा दुकान बंद आहे. तुम्हीच सांगा, हिरव्या तोंडाने, पळतील आपोआप. पाणी डोळ्यात जाऊ देऊ नका. आणि जाताना दार ओढून घ्या —