भावोजींची बाणाबाणांची व्यवस्था

…बरं, भांडले असते तर चाललं असतं हो, पण आमच्या चिदंबर भावोजींना राग येतच नाही, त्यांच्या मेंदूत रसायनं स्रवतात! तुम्हाला सांगतो, मडिकेरीला कसल्याशा शिबिराला जाऊन आल्यापासून हा माणूस बायकोशी बोलत नाही, तिचं निदान करतो. उप्पिट्ट खारट झालं तरी कारणांचं चक्र काढून दाखवणार. चूक कुणाचीच नसते म्हणे, व्यवस्था असते!

आता ऐका. हे दुसऱ्यांदा शिबिराला गेले आणि इकडे मैसूरला अप्पांना हार्ट अटॅक आला. मी इस्पितळातल्या खुर्चीत मान वाकडी करून झोपतोय, अक्का बेंगळुरूहून धावत आलेली, तिनं रडत नवऱ्याला फोन केला, तर हे तिकडून अगदी थंड आवाजात, "नागवेणी, तुझं कॉर्टिसॉल वाढलंय. खोल श्वास घे." आणि आले नाहीत, शेवटपर्यंत आले नाहीत! अक्कानं श्वास घेतला, अप्पांना घरी आणलं आणि सांगून टाकलं, मी परत जाणार नाही.

मग आले. काखेत कागदाची ही एवढी गुंडाळी. टेबलावरचे मद्दूर वडे बाजूला सारून पसरली… बायकोचा राग, तिथून बाण नवऱ्याच्या गप्प बसण्याकडे, तिथून परत रागाकडे, आणि एका कोपऱ्यात मी. सख्खा मेव्हणा, आणि लिहिलंय काय? 'बाह्य घटक'!

अम्मानं चष्मा लावून सगळं नीट पाहिलं. म्हणाली, "जावईबापू, तुम्ही इस्पितळात आला नाहीत, ते ह्यात कुठंय?"

"अम्मा, चूक कुणाचीच नसते, व्यवस्था…"

"मग व्यवस्थेलाच घरी घेऊन जा," अक्का म्हणाली.

मी मनात टाळ्या वाजवतोय, आणि हे पेनचं टोपण लावतायत, काढतायत. शेवटी कागदाकडे बघतच म्हणाले, "मी घाबरलो होतो गं. माझे बाबा त्याच इस्पितळात गेले."

झालं! एवढं बोलायला दोन शिबिरं? आणि आमची अक्का, इतकी तिखट बाई, डोळे पुसत बॅग भरायला गेली. एका वाक्यावर! मला कुणी विचारलं? बाह्य घटक!

निघताना भावोजींनी अप्पांना मिठी मारली. लवकर सोडायची नाही म्हणे, ऑक्सिटोसिन सुटायला वेळ लागतो. अप्पा म्हणजे निवृत्त हेडमास्तर, मी शाळेत पहिला आलो तेव्हा नुसतं 'हं' म्हणाले होते. ते आधी खांबासारखे ताठ राहिले… मग हळूच त्यांचा हात वर आला आणि जावयाच्या पाठीवर फिरायला लागला.

तेव्हापासून दर रविवारी भावोजी यायचे म्हणून अप्पा सकाळपासून दारात खुर्ची टाकून बसतात. परवा म्हटलं, इस्पितळात रात्री आपणच काढल्या, आपण का मागे राहावं? गेलो, हात पसरून समोर उभा राहिलो. अप्पांनी मला खालीवर पाहिलं.

"पाठ धरलीय का रे? तेल लाव. आणि जरा बाजूला हो, रस्ता दिसत नाहीये."

झालो बाजूला.