केयाच्या तीस पावलं मागे

…नाही नाही, ओरडलो मी मुळीच नाही! हाक मारली. घाबरून मारलेली हाक वेगळी आणि ओरडणं वेगळं, पण या घरात आता मला विचारतंय कोण? तुम्हाला सांगतो, पस्तीस वर्षं कॉलेजात संख्याशास्त्र शिकवलं, निवृत्त झालो, सहा महिने मुलाकडे अमेरिकेत, बॉथेलला आलो, आणि इथे कळलं की मूल वाढवणं आपल्याला येतच नाही! एक वाढवलं होतं, पण तेच पुरावा म्हणून समोर बसतं. "बाबा, तुम्ही मला मावशीच्या लग्नात सगळ्यांसमोर ओरडला होतात." इति प्रथमेश, वय बेचाळीस. अहो, दोन तास सापडत नव्हता! जनरेटरच्या खोलीत बसला होता! पण जाऊ दे… माझंच चुकलं असेल.

तर आमची सून सावनी मुलीला जपानी पद्धतीने वाढवते. मुलगी म्हणजे केया, वय पाच. चारचौघांत रागवायचं नाही. रागवायचंच तर घरी, बाजूला नेऊन, तिच्या उंचीला खाली बसून, हळू आवाजात. माझे गुडघे असे की मी खाली बसेपर्यंत राग गेलेला असतो, आणि उठायला पुन्हा केयालाच बोलवावं लागतं!

परवा शनिवारी सावनी म्हणाली, "बाबा, जपानमध्ये एवढाली मुलं एकटी दुकानात जातात. आज केया पद्मिनीकाकूंकडून कढीपत्ता आणेल. पाचच घरं पलीकडे. एकटी."

"एकटी?"

"म्हणजे तुम्ही तीस पावलं मागे. पण तिला कळता कामा नये हं! हाक नाही, मदत नाही. तिला सांगितलंय, आजोबा झोपलेत."

"आणि काही झालं तर?"

"बाबा, तिथे अख्खी गल्ली लक्ष ठेवते."

मला बरं वाटलं हो! म्हटलं, मुलाच्या वेळी जमलं नाही, निदान नातीच्या वेळी तरी कुणी म्हणेल, बाबांना जमलं…

निघाली. हातात रिकामा डबा. ती थांबली की मी झुडपामागे, ती चालली की मी कचऱ्याच्या डब्यामागे, ती वळली की मी वाकून बुटाची लेस बांधतोय, आणि पायात चपला! गाडी आली तर? पडली तर? आणि तिसऱ्या घराशी अख्ख्या गल्लीने लक्ष ठेवलं… केयावर नाही हो, माझ्यावर!

"एक्सक्यूज मी, सर!" बाई साधारण माझ्याच वयाची, एका हातात कुत्र्याचा पट्टा, दुसऱ्या हातात फोन. "त्या मुलीच्या मागे का जाताय तुम्ही?"

मी म्हटलं, "श्श!" आता तुम्हीच सांगा, झुडपात बसलेल्या माणसाने श्श म्हणावं का? माझंच चुकलं असेल. मग समजावलं, "मॅडम, जपानी मेथड." बाईंनी कुत्र्याला जवळ ओढलं.

तेवढ्यात केया वळली. "हनी, डू यू नो धिस मॅन?" केयाने मला नीट न्याहाळलं. "ही लुक्स लाइक माय आजोबा. बट माय आजोबा इज स्लीपिंग."

खोटं बोलायचं नाही, हाही नियम आहे ना! बाईंनी फोन कानाला लावला, मला पोलिस दिसायला लागले, व्हिसा दिसायला लागला, आणि मी हाक मारली, "केयाऽऽ, मीच गं!" चार दारं उघडली.

केया शांतपणे आली. बाईंना म्हणाली, "प्लीज डोन्ट स्कोल्ड हिम हिअर. वी डू इट ॲट होम."

बाई विरघळल्याच! "सच अ वेल-बिहेव्ड चाइल्ड! हू इज रेझिंग हर?" मी हात वर करणार, इतक्यात केया म्हणाली, "माय मॉम." हेही माझंच चुकलं असेल…

मग मला फुटपाथवर उभं करून तिने कढीपत्ता आणला, हाताला धरून मला घरी आणलं, कपडे धुण्याच्या खोलीत नेलं, स्टुलावर बसवलं, म्हणजे उंची जुळली, आणि हळूच विचारलं, "आजोबा, तुला काय वाटलं?"

अहो, चौऱ्याहत्तर वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं! मी म्हटलं, "भीती वाटली गं. तुला काही झालं तर, म्हणून."

तिने विचार केला. माझ्या गुडघ्यावर थोपटलं. "इट्स ओके, आजोबा. नेक्स्ट टाइम तू घरीच थांब."

प्रयोग यशस्वी झाला म्हणे! केया आता एकटी जाते, एकटी येते… आणि मला ड्राइव्हवेच्या पुढे एकट्याला सोडत नाहीत.