शाळा सुटली, बाई सुटली नाही

...नाही, पण मी म्हणते, यंत्रावर पाकीट ठेवलं यात माझं काय चुकलं? माणसाला हात किती? दोन! समोरचा साहेब दोन्ही हातांनी नावाचं कार्ड पुढे करून कमरेत वाकलाय, आणि मी एका हाताने घेऊ? ठेवलं पाकीट शेजारी. आता शेजारी नेमकं यंत्र होतं, त्याला मी काय करू? ...थांबा, पहिल्यापासून सांगते, नाहीतर तुम्हीही त्या चुंग साहेबांसारखे आ वासून बघत बसाल.

मी फान बाई. शिन्चूला प्राथमिक शाळेत तिसरीचा वर्ग, अर्धं आयुष्य त्यातच गेलं! मग अख्ख्या तैवानात मुलंच जन्माला येईनात हो. तिसरीच्या तुकड्या आटत आटत एकच उरली, आणि मुख्याध्यापक गोड हसून म्हणाले, "फान बाई, आता जरा विश्रांती घ्या." विश्रांती? मी? मी घरी बसले असते तर आमच्या ह्यांनी आठवड्यात संन्यास घेतला असता! धरली नोकरी. कंपन्यांना इंजिनियर पुरवणाऱ्या एजन्सीत. म्हणजे वधूवर सूचक मंडळच हो, फक्त इथली नवरी विजेवर चालते आणि उठसूट तापते... तेवढं तर आपल्याकडेही चालतं म्हणा.

पण तुम्हाला सांगते, शाळा सुटली, बाई काही सुटली नाही! पहिल्याच उमेदवाराचा बायोडेटा मी लाल पेनाने तपासून परत पाठवला. 'समास सोडावा. पुन्हा लिहून आणणे.' आमच्या लियाओ मॅडम, म्हणजे माझ्या साहेब, वयाने माझ्या मुलीएवढ्या, कपाळाला हात लावून बसल्या. "फान ताई, ही माणसं गिऱ्हाइकं आहेत हो आपली! तीन महिन्यांत एक तरी इंजिनियर लावून दाखवा, आणि तो टिकला पाहिजे. नाहीतर..." ते 'नाहीतर' इतकं हळू म्हणाल्या, की पुढचं न सांगताच कळलं. ह्या वयात दुसऱ्यांदा 'विश्रांती घ्या' ऐकायचं? छे!

आणि माझ्या वाट्याला आला कोण? तर पंग! डोकं म्हणाल तर लाखात एक, तोंड म्हणाल तर कुलूप. मुलाखतीत विचारलं, "तुमचे गुण सांगा," तर हा म्हणतो, "नाहीत." झालं! घरी पळाला. फोन उचलेना. मग मी काय करणार? त्याच्या आईला फोन लावला! हसताय काय? तिसरीत असंच करायचो आम्ही! "पंगची आई का? अहो, मुलगा हुशार आहे, पण उत्तर देताना पुटपुटतो." तर ती माउली तिकडून, "बाई, तुम्हीच रागवा हो त्याला, माझं मेलं ऐकतो कुठे! आणि नारळाचं काही खाऊ घालू नका, त्याला नाही चालत." तीस वर्षांचा घोडा! पण मी रोज आरशासमोर उभं करून बोलायला लावलं, आणि पुढच्या मुलाखतीत पठ्ठ्या सलग तीन वाक्यं बोलला. लागली नोकरी! चिपा तपासणाऱ्या कंपनीत! मला रडू आलं हो, खरंच.

आता पहिल्या दिवशी पोराला कंपनीत सोडायला जायचं, तर काहीतरी खाऊ नको? नेलं मी गुआइ-गुआइचं पाकीट. मक्याचा कुरकुरीत खाऊ, नावातच 'शहाण्यासारखं वाग' म्हणणारा; यंत्रं शहाणी राहावीत म्हणून आमच्याकडे त्यांच्यावरही ठेवतात. ठाऊक आहे मला, यंत्रावर हिरवंच ठेवतात! हिरवा दिवा, यंत्र सुरळीत; पिवळा दिवा, यंत्र बिघडलं. पण हिरवं नारळाचं असतं ना! म्हणून मी मसाल्याचं आणलं. पिवळं. पोरासाठी! यंत्रासाठी नव्हे! आणि यंत्रांच्या हॉलमध्ये शिरतो तेवढ्यात तिथले मुख्य चुंग साहेब आले, दोन्ही हातांत कार्ड, वाकले, मी वाकले, पाकीट टेकवलं... आणि टूंऽऽऽ!

यंत्र बंद!

"पिवळंऽऽ! पिवळं कोणी ठेवलं?" चुंग साहेब अक्षरशः किंचाळले. एक धावला दुकानात हिरवं आणायला, दुसरा हात जोडून यंत्रापुढे उभा, तिसरा ओरडतोय, "ह्या नव्या माणसाबरोबरच आलं ते!" सगळ्यांच्या नजरा पंगवर. तो पांढराफटक. झालं, पहिल्याच दिवशी घालवलं मी पोराला, आणि पाठोपाठ स्वतःलाही... माझा जीव असा तुटला, की मी काय केलं ते माझं मलाच कळलं नाही. शाळा सुटली, बाई सुटली नाही! कमरेवर हात, आणि निघाला तो आवाज, "काय चाललंय काय हे? एकदम चूप! हात मागे! तू सुद्धा! असं वागतात का पाहुण्यांसमोर?"

'तू सुद्धा' मी यंत्राला म्हटलं हो! पण इंजिनियर ओळीत उभे, हात मागे. चुंग साहेबांचेसुद्धा! आणि ते यंत्र... घरघरलं, दिवा लागला, मुकाट कामाला लागलं.

आता ते आपणहून सुरू झालं असेल, नाही कोण म्हणतंय? पण ते चुंग साहेबांना कोण सांगणार? त्यांनी तिथूनच लियाओ मॅडमना फोन लावला. "पंगला आम्ही ठेवतोय, चांगला आहे. पण एक अट आहे. दर सोमवारी सकाळी तुमच्या त्या बाई पाठवा. यंत्रांना जरा धाक बसतो."

मॅडम खूश! मी कायम! पंग तर हल्ली चक्क चार वाक्यं बोलतो. आणि मी? दर सोमवारी त्या थंडगार हॉलमध्ये रांगेतून फिरते, "कोण आवाज करतंय? सरळ उभं राहा!" करत. तक्रार नाही हो माझी. फक्त एवढंच, की शाळेत पोरं कितीही वांड असली तरी वर्षाकाठी पास होऊन चौथीत तरी जायची... ही यंत्रं कुठली जातायत!