मासा शेपटीकडून धरायला लावल्याबाबत

नाव : महमुदा ताहिर सोलकर. वय : ५५ वर्षे. शिक्षण : बी.एस्सी., प्राणिशास्त्र, सन १९६३. धंदा : शिक्षिका, विषय जीवशास्त्र. राहणार : झिंज, मनामा, दुसरा मजला. मूळ गाव : दाभोळ, तालुका दापोली. दिनांक : शनिवार, १६ ऑगस्ट १९९७, सकाळी ८.४०.

मी समक्ष हजर राहून लिहून देते की, काल दुपारी या ठाण्यातून मला फोन आला तेव्हा मी खोटी माहिती दिली. त्या माहितीमुळे गुंडू घाग, वय ३४, आचारी, हा मनुष्य काल संध्याकाळपासून येथे कोठडीत आहे. त्याने काहीही केलेले नाही. त्याच्या कफीलने, म्हणजे ज्याच्या नावावर त्याचा व्हिसा आहे त्या मालकाने, आज दुपारी बारापर्यंत वाट पाहण्याचे कबूल केले आहे. तोवर गुंडू सुटला नाही तर व्हिसा रद्द होऊन त्याला गावी पाठवले जाईल. म्हणून हा जबाब देणे मला भाग पडले.

जबाब मी मराठीत देत आहे. ठाण्याचे दुभाषी श्री. रहिमतुल्ला मूळचे श्रीवर्धनचे आहेत, ते त्याचे अरबी करतील. मला इंग्रजीत लिहिण्याची मुभा होती. इंग्रजीत माझी बाजू बरी दिसली असती, म्हणून ते टाळले.

माझ्या घरी हॉलमध्ये खाऱ्या पाण्याचा चार फुटी फिशटँक आहे. त्यात समुद्रातले दगड, थोडे प्रवाळ आणि काही मासे आहेत. टँक माझी मुलगी नाझिश हिचा. ती दोन वर्षांपूर्वी शिक्षणासाठी पुण्याला गेली. तेव्हापासून टँक मी सांभाळते. मुलगी जाताना एका वहीत सूचना लिहून ठेवत होती. मी तिला सांगितले की, प्राणिशास्त्र मी शिकवते, तू नव्हे. वही तिने सोबत नेली.

टँकमध्ये एक टँग जातीचा मासा होता. या नावाचे सरबत बाजारात मिळते, त्याच्याशी संबंध नाही. अरादच्या एका कोळ्याच्या पिंजऱ्यात तो जिवंत सापडला होता. लांबी एक वीत, अंग चपटे व निळे, शेपटी पिवळी. तो शेवाळ खातो. मी त्याला पालक आणि सॅलडची पाने देत असे. पाने मी धुऊन, देठ काढून देत असे. माझ्या पतींना देठ मिळत.

काल शुक्रवारी सकाळी अकराच्या सुमारास हॉलचा एसी बंद पडला. साडेबाराला टँकच्या पाण्याचे तापमान ३३ अंश होते. प्रवाळांना आणि या माशाला ते सोसत नाही. बिल्डिंगच्या एसीचे काम ज्या कंपनीकडे आहे, तिला मी फोन केला. त्यांचा ड्यूटीवरचा माणूस गणपत, वय ३१, गाव संगमेश्वरकडचे, दीड वाजता आला. तो आमच्याकडे तीन वर्षे येतो. त्याने एसी उघडला आणि सांगितले, "बाई, पार्ट जळलाय. दुकान उद्या उघडेल." तेव्हा तापमान ३४ होते.

बेडरूमचा एसी चालू होता. मासे टबात घालून तिकडे न्यायचे असे मी ठरवले. हे काम गणपतच्या ड्यूटीत येत नाही. त्याला तसे म्हणण्याची संधी मी दिली नाही. बाकीचे मासे जाळीत आले. टँग दगडाच्या कपारीत शिरून बसला. जाळी प्रवाळात अडकू लागली, म्हणून मी ती काढून घेतली आणि गणपतला हाताने धरायला सांगितले.

आम्ही दोघेही समुद्राकाठचे. आमच्याकडे चपटा, रुंद मासा म्हणजे पापलेट. ते शेपटीला धरून उचलायचे, कल्ला दाबून ताजे आहे का पाहायचे, भाव करायचा. मी चौथ्या वर्षापासून असे करते आहे. मासा जिवंत असताना धरण्याचा मला अनुभव नाही, हे त्या वेळी लक्षात आले नाही. आमचे बोलणे पुढीलप्रमाणे झाले. मला ते शब्दशः आठवते.

गणपत म्हणाला, "बाई, ह्याच्या शेपटीच्या मुळाशी काहीतरी टोचरं दिसतंय."

मी म्हणाले, "तो रंग आहे."

"दोन्ही बाजूंना आहे."

"रंग दोन्ही बाजूंनाच असतो, गणपत. शेपटीला धर, पापलेटासारखा. पाला खाणारा मासा आहे, तुला काय करणार?"

"म्हैसपण पालाच खाते, बाई."

यावर मी त्याला वायफळ बोलू नकोस असे म्हणाले. मी स्वतः का धरला नाही असे अधिकाऱ्यांनी विचारले. माझ्या हातात थर्मामीटर होता.

गणपतने मासा शेपटीच्या मुळाशी मुठीत धरला. माशाने एकदा अंग झटकले. या जातीच्या माशाला शेपटीच्या दोन्ही बाजूंना एकेक पाते असते. ते चाकूसारखे खाचेत मिटलेले असते आणि झटक्याने उघडते. गणपतचा उजवा तळहात करंगळीखालून अंगठ्यापर्यंत कापला गेला. गणपतने हात मिटून घेतला, पण आधी मासा टबात सोडला. फेकला नाही, सोडला. हे मला नमूद करायचे आहे.

माझे पती ताहिर जुम्म्याची नमाज आणि मित्राकडचे जेवण उरकून दोनला परत आले. त्यांनी गणपतला गाडीतून इस्पितळात नेऊन सोडले. सात टाके पडले. मी घरी थांबले. टबातल्या पाण्याचे तापमान पाहायचे होते.

जखम एका रेषेत, धारदार पात्याची होती. डॉक्टरांनी नियमाप्रमाणे पोलिसांना कळवले. गणपतने पहिल्यापासून मासा असेच सांगितले. चारच्या सुमारास या ठाण्यातून मला इंग्रजीत फोन आला. अधिकारी सभ्यपणे बोलले. आपण जीवशास्त्र शिकवता असे कळले, मासा माणसाचा हात असा कापू शकतो का, एवढेच त्यांनी विचारले. हात कुठे कापला हे त्यांनी विचारले नाही, मी सांगितले नाही.

मी म्हणाले, "नाही. शाकाहारी मासा असे करू शकत नाही."

त्या वेळी मला खरे माहीत होते. पाते उघडताना मी पाहिले होते. हो म्हटले असते तर पुढचा प्रश्न, शेपटीला धरायला कोणी सांगितले, हा आला असता. मी उत्तर दिले ते वर्गात देते त्याच आवाजात, तोऱ्याने. अधिकाऱ्यांनी माझे आभार मानले. मीही त्यांना शंका असल्यास पुन्हा फोन करायला सांगितले.

यानंतरचे मला आज सकाळी साडेसहाला गणपतकडून कळले. तो बँडेज बांधून दारात उभा होता. आत ये म्हटले तरी आला नाही.

"बाई, गुंडूला नेला, माझ्या खोलीतल्या."

"कोणी?"

"पोलिसांनी. काल सकाळी खोलीवर आमचं वाजलं होतं. त्याच्या सुरीनं मी खोका कापला. तो चौघांसमोर बोलला, परत माझ्या सुरीला हात लावलास तर हात कापीन. पोलिसांनी खोलीवर विचारलं, चौघांनी तेच सांगितलं. आता माझा हात कापलेला, आणि तोंडानं तो बोललेला."

"तू सांगितलं नाहीस, मासा म्हणून?"

"सांगून सांगून तोंड दुखलं. एक जण म्हणाला, दोस्ताला वाचवतोस. मी म्हटलं, बाईंना विचारा. तो म्हणाला, बाईंनाच विचारलंय."

मग कफीलची बारापर्यंतची मुदत सांगितली, एवढेच. मला काही बोलला नाही. बोलला असता तर मला उत्तर देता आले असते.

माझे पती आतून ऐकत होते. ते म्हणाले, "सव्वीस वर्षं पोरांच्या तोंडी परीक्षा घेतल्यास. चल, आज तुझी." आणि गाडीची किल्ली घेतली.

मासा आज पहाटे मेला होता. कारण गरम पाणी, धरपकड आणि मी. त्याबाबत माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही. तो मी स्टीलच्या डब्यात बर्फावर घालून येथे आणला. बर्फ कसा घालायचा ते मला माहीत आहे.

अधिकाऱ्यांनी डबा उघडून पाहिला आणि इतका लहान का, असे विचारले. श्री. रहिमतुल्ला यांनी शेपटीजवळ बोट नेले. मी त्यांना हात मागे घ्यायला सांगितले. नंतर टाचणीने पाते उघडले आणि टेबलावरचा एक कोरा कागद त्यावरून ओढला. कागदाचे दोन तुकडे झाले. अधिकाऱ्यांनी ते तुकडे जुळवून पाहिले. मग त्यांनी ते दुसऱ्या कागदावर स्वतः करून पाहिले, नंतर तिसऱ्या. मग "खलास" म्हणाले आणि गुंडूच्या सुटकेचा कागद मागवला.

खोटी माहिती दिल्याबद्दल माझ्यावर जी कारवाई होईल ती मला मान्य आहे. शाळेला कळवायचे असल्यास कळवावे. गणपतने कामात हयगय केली नाही, असे पत्र मी त्याच्या कंपनीला देईन. त्यात मासा शेपटीकडून धरण्याची सूचना माझी होती, हे वाक्य असेल.

वरील मजकूर श्री. रहिमतुल्ला यांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. "तोऱ्याने" हा शब्द गाळू या, अरबीत बरा दिसणार नाही, असे ते म्हणाले. मी तो राहू दिला. बाकी मी सांगितले तसेच आहे आणि घडले तसेच आहे. खाली माझी सही.

(सही) महमुदा ताहिर सोलकर
वेळ सकाळी १०.५५

देवाणघेवाण : ठाण्यात जमा केले, मासा एक, मृत, डब्यासह. ठाण्यातून परत मिळाले, गुंडू घाग यांचे घड्याळ, पट्टा, ओळखपत्र आणि लाकडी मुठीची सुरी एक. या वस्तूंची पोच गुंडू यांनी स्वतः सही करून दिली. सुरी त्यांनी बाहेर येताच दारात थांबलेल्या गणपतच्या डाव्या हातात दिली. आमच्या गाडीत बसण्यास दोघांनीही नकार दिला. ते बसस्टॉपकडे गेले.